टँकर-ट्रॅकिंग सर्व्हर: पॅकेटं क्रमाने हाताळण्याच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, २ जून २०२५

काम: दुधाच्या टँकरवरच्या जीपीएस यंत्रांकडून पॅकेटं घेणारा आणि डेअरीच्या नियंत्रण कक्षाला चालू स्थिती दाखवणारा टीसीपी सर्व्हर. जुना कोड चालू आहे, तोच दुरुस्त करायचा. जावा २१, नेटी ४.१ (जावातली नेटवर्क लायब्ररी), पोस्टग्रेस (डेटाबेस). यंत्रं जीटी०६ प्रोटोकॉलची (जीपीएस यंत्रांची पॅकेट-भाषा). डिझाइनसाठी धरलेला भार: २००० यंत्रं, दर १० सेकंदांना एक स्थान, म्हणजे सेकंदाला २०० पॅकेटं. एवढा भार साधा लॅपटॉपही पेलतो.

तक्रार क्रमाची आहे. टँकर संकलन केंद्रावर उभा राहतो, चालक इंजिन बंद करतो. फोनवर आधी 'इंजिन बंद' येतं आणि त्यामागून 'ताशी २२ किमी'. पडद्यावर बंद इंजिनाचा टँकर धावतो. कधी 'केंद्रातून निघाला' आधी आणि 'केंद्रात आला' नंतर, मग थांबण्याचा कालावधी उणे भरतो.

कोड वाचल्यावर कारण लगेच सापडलं. स्थानाचं पॅकेट (प्रकार १२ हेक्स, म्हणजे सोळाच्या पायाच्या अंकांत) आलं की ते १६ थ्रेडच्या (समांतर चालणाऱ्या कामकऱ्यांच्या) पूलला दिलं जातं, कारण त्यात केंद्राच्या कुंपणाचं (नकाशावर आखलेल्या हद्दीचं) गणित आणि डेटाबेसचं लिखाण आहे. हार्टबीट (ठरावीक वेळाने येणारं 'मी जिवंत आहे' पॅकेट, प्रकार १३ हेक्स) हलकं म्हणून नेटीच्या इव्हेंट लूपमध्येच (बाइट वाचणाऱ्या थ्रेडमध्येच) जागच्या जागी निकालात काढलं जातं. इंजिन चालू की बंद हे कळतं हार्टबीटच्या स्थिती-बाइटमधून (सर्वांत उजवा बिट शून्यावा धरला तर पहिला बिट). म्हणजे मागून आलेलं हलकं पॅकेट पुढच्या जड पॅकेटला ओलांडून जातं. शिवाय एकाच टँकरची लागोपाठची दोन स्थानं दोन वेगळ्या थ्रेडवर पडली, तर त्यांच्यातही शर्यत आहेच.

टीसीपीने आपलं काम चोख केलेलं आहे. एका कनेक्शनमधले बाइट पाठवलेल्या क्रमानेच ॲप्लिकेशनला मिळतात. तो क्रम आपल्या हातात आल्यावर मोडतो, तोही पूलला काम देण्याच्या त्या एका ओळीत.

मंगळवार, ३ जून

क्रमाकडे वळण्याआधी पॅकेट तोडण्याचा भाग तपासला. टीसीपी बाइटचा प्रवाह देतो. पॅकेटच्या सीमा त्याला माहीत नसतात. एका रीडमध्ये अडीच पॅकेटं येऊ शकतात, किंवा एका पॅकेटचे फक्त ७ बाइट.

१२ हेक्स प्रकाराचं पॅकेट असं:

- सुरुवात: ७८ ७८, २ बाइट
- लांबी: १ बाइट, इथे १एफ म्हणजे ३१
- प्रकार: १ बाइट
- मजकूर: २६ बाइट. तारीख-वेळ ६, उपग्रहसंख्या १, अक्षांश ४, रेखांश ४, वेग १, दिशा व स्थिती २, मोबाइल टॉवरची माहिती ८
- अनुक्रमांक: २ बाइट
- सीआरसी (बाइट बिघडले का ते पकडणारा तपासणी-आकडा): २ बाइट
- शेवट: ०डी ०ए, २ बाइट

एकूण ३६. लांबीच्या बाइटमध्ये प्रकारापासून सीआरसीपर्यंतचे बाइट मोजलेले असतात; सुरुवात, स्वतः तो बाइट आणि शेवट त्यात नाहीत.

जुना कोड ०डी ०ए दिसलं की पॅकेट संपलं असं धरतो. हे दोन बाइट मजकुरातही येऊ शकतात, आणि एका जागी तर ते येणारच: अनुक्रमांकात. ०डी०ए हेक्स म्हणजे ३३३८. लॉगिननंतर अनुक्रमांक ३३३८ चं पॅकेट आलं की ते मध्येच कापलं जातं, उरलेले चार बाइट कचरा ठरतात आणि एक पॅकेट हरवतं. नुसती स्थानंच येत असतील तर दर १० सेकंदांच्या हिशेबाने हे ९ तास १६ मिनिटांनी होतं. मध्ये हार्टबीट असल्याने प्रत्यक्षात थोडं आधी. 'लांब पल्ल्याच्या टँकरचा एखादा पॉइंट गळतो' अशी जी नोंद तक्रारवहीत होती ती हीच. दोष नेटवर्कच्या माथी मारून मोकळं होण्याआधी हरवलेल्या पॅकेटांचे अनुक्रमांक एका रकान्यात लिहून पाहावेत, एवढं सोपं होतं ते.

बदल: नेटीचा लेंग्थ फील्ड बेस्ड फ्रेम डीकोडर. लांबीची जागा २, लांबीचा आकार १, जुळवणी अधिक २ (शेवटच्या दोन बाइटांसाठी), सुरुवातीचं काही कापायचं नाही. ७९ ७९ ने सुरू होणाऱ्या पॅकेटांत लांबी २ बाइटांची असते, त्यामुळे पहिले दोन बाइट पाहून दोनपैकी एक डीकोडर निवडणारा छोटा थर आधी लावला.

सीआरसीचा अल्गोरिदम एक्स-२५ प्रकारचा आहे आणि तो लांबीच्या बाइटपासून अनुक्रमांकापर्यंत काढायचा. पडताळणी: १ ते ९ या नऊ आस्की अंकांचा सीआरसी ९०६ई यायला हवा. अक्षांशाची पडताळणी: अंशाला १८,००,००० ने गुणायचं. पुण्याच्या १८.५२ अंशांचे ३,३३,३६,००० होतात, बाइटांत ०१ एफसी एए सी०.

बुधवार, ४ जून

दोष हवा तेव्हा उभा करता यावा म्हणून नकली यंत्रांचा प्रोग्राम लिहिला. २०० नकली टँकर, प्रत्येक जण अनुक्रमांक १ पासून पॅकेटं सोडतो. हाताळणीच्या टोकाला एक पहारेकरी: त्या आयएमईआयचा (यंत्राच्या ओळख-क्रमांकाचा) आलेला अनुक्रमांक मागच्यापेक्षा नेमका एकने मोठा नसेल तर चाचणी लाल.

लिनक्सच्या नेटएमने (नेटवर्क बिघाडाची नक्कल करणारं साधन) नेटवर्कवर उशीर, गळती, उलटसुलट पॅकेटं असं सगळं लादून पाहिलं तर पहारेकरी गप्प. ते बरोबरच आहे, कारण ही गडबड टीसीपी खालीच निस्तरतो. पूलमधल्या हाताळणीआधी ० ते ५० मिलिसेकंदांची यादृच्छिक डुलकी घातली, आणि पहिल्याच मिनिटात ढीगभर उलटे क्रम. असले दोष शोधताना उशीर घालायचा तो आपल्या कोडमध्ये, तारेवर घालून उपयोग नाही.

पॅकेट तोडण्याची चाचणी वेगळी ठेवली: ३६ बाइटांचं पॅकेट प्रत्येक ३५ जागी तोडून, मग एकेक बाइट सुटा, मग पाच पॅकेटं एकत्र चिकटवून. अनुक्रमांक ३३३८ चं पॅकेट कायमस्वरूपी यादीत.

शुक्रवार, ६ जून

कोडला हात लावण्याआधी एक तक्ता: कोणत्या कामाला क्रम खरंच लागतो? सगळ्याच कामाला क्रम लावला की सगळा सर्व्हर एका थ्रेडवर येतो, आणि पावसाळ्यात एका केंद्राचं कुंपणगणित अडलं की दोन हजार टँकर तुंबतात.

मार्गाची नोंद, म्हणजे सगळे बिंदू साठवणं, याला क्रम लागत नाही. प्रत्येक बिंदूत त्याची वेळ आहे. कोणत्याही क्रमाने लिहा, वाचताना वेळेनुसार लावता येतं. यंत्र, वेळ आणि अनुक्रमांक यांच्यावर युनिक इंडेक्स ठेवला की तेच पॅकेट दोनदा आलं तरी बिघडत नाही.

नकाशावरच्या ताज्या स्थानाला अर्धाच क्रम पुरतो. नवी वेळ साठवलेल्या वेळेपेक्षा पुढची असेल तरच ओळ बदलायची, ही अट पोस्टग्रेसच्या अपसर्टमध्येच (ओळ नसेल तर घाल, असेल तर बदल) व्हेअर लावून घातली. उशिरा आलेलं जुनं स्थान आपोआप पडून राहतं.

इंजिन, कुंपणात येणं-जाणं आणि थांबे यांना मात्र पुरता क्रम लागतो, कारण यातला प्रत्येक निर्णय मागच्या स्थितीवर उभा आहे. त्यातही मोठी अडचण अशी की जीटी०६ च्या हार्टबीटमध्ये वेळच नसते. स्थिती-बाइट, व्होल्टेजची पातळी, जीएसएमची पातळी, दोन बाइट अलार्म-भाषेचे, बस्स. स्थानांचा क्रम बिघडला तर त्यांच्या वेळेवरून पुन्हा लावता येतो. 'इंजिन बंद' कोणत्या दोन स्थानांच्या मध्ये घडलं हे मात्र फक्त येण्याच्या क्रमावरून कळतं. तो एकदा विस्कटला की कायमचा गेला.

निर्णय: क्रम प्रत्येक यंत्रापुरता. दोन वेगळ्या टँकरांमध्ये कोण आधी याला काही अर्थ नाही.

सोमवार, ९ जून

प्रत्येक आयएमईआयमागे एक रांग आणि एक झेंडा. झेंड्याचा अर्थ: या रांगेचं काम आत्ता पूलमध्ये आहे की नाही.

पॅकेट आलं की:

१. रांगेच्या शेवटी जोडा.
२. झेंडा कम्पेअर अँड सेटने (तपासणं आणि बदलणं एकाच अतूट पायरीत) 'नाही'चा 'आहे' करून पाहा. जमलं तरच रांगेचं काम पूलला द्या. नाही जमलं तर परत फिरा. कुणीतरी आधीच कामाला आहे.

पूलमध्ये काम चालतं तेव्हा:

१. रांगेतून जास्तीत जास्त ३२ पॅकेटं काढा, एकेक करून हाताळा.
२. झेंडा 'नाही' करा.
३. रांगेत अजून काही आहे का पाहा. असेल तर झेंडा पुन्हा 'आहे' करून पाहा. जमलं तर रांग पुन्हा पूलला द्या.

तिसरी पायरी गाळली तर काय होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. काम करणाऱ्या थ्रेडने रांग रिकामी पाहिली, पण झेंडा अजून खाली आणलेला नाही. नेमक्या त्या क्षणी इव्हेंट लूपने नवं पॅकेट रांगेत टाकलं, झेंडा वर पाहिला आणि 'कुणीतरी बघतोय' म्हणून निघून गेला. मग कामकरी थ्रेडने झेंडा खाली आणला आणि तोही गेला. पॅकेट रांगेत पडून, बघायला कुणी नाही. पुढचं पॅकेट येईपर्यंत, म्हणजे १० सेकंद, ते तसंच राहतं. चालत्या टँकरबाबत हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. टँकर थांबल्यावरचं शेवटचं 'इंजिन बंद' असं अडकलं तर तो पुढच्या हार्टबीटपर्यंत पडद्यावर चालूच दिसतो.

हाताळणीत अपवाद उसळला आणि झेंडा वरच राहिला, तर ते यंत्र सर्व्हर बंद करेपर्यंत मुकं होतं. म्हणून प्रत्येक पॅकेट वेगळ्या ट्राय-कॅचमध्ये, आणि दुसरी-तिसरी पायरी फायनलीमध्ये.

३२ ची मर्यादा न्यायासाठी. घाटातून बाहेर पडलेला टँकर साठवलेली शेकडो पॅकेटं एकदम ओततो. त्याने एक थ्रेड अडवून बसू नये.

फायदा असा की टँकरची स्थिती (शेवटचं कुंपण, इंजिन, थांब्याची सुरुवात) आता लॉकशिवाय ठेवता येते. थ्रेड बदलला तरी एका वेळी एकच जण तिला हात लावतो, आणि झेंड्याच्या अदलाबदलीमुळे मागच्याचं लिखाण पुढच्याला दिसतं.

मंगळवार, १० जून

दोन पर्याय तपासून बाजूला ठेवले.

ठरावीक ६४ मार्गिका आणि आयएमईआयच्या हॅशवरून मार्गिका निवडणं: कोड कमी, पण एका मार्गिकेतला अडलेला टँकर शेजारच्या तीसेक टँकरांना अडवतो. कुणी हेच करणार असेल तर हॅशवर मॅथ डॉट ॲब्स लावू नये. सर्वांत लहान इंटचं निरपेक्ष मूल्य जावात उणेच राहतं आणि ॲरेचा उणे इंडेक्स मिळतो; फ्लोअरमॉड वापरावं.

प्रत्येक यंत्राला एक व्हर्च्युअल थ्रेड (जावाचा हलका थ्रेड) आणि ब्लॉकिंग रांग: वाचायला सर्वांत सोपं. पण जावा २१ मध्ये सिंक्रोनाइज्ड (एका वेळी एकालाच आत घेणाऱ्या) ब्लॉकच्या आत थांबलेला व्हर्च्युअल थ्रेड खालच्या खऱ्या थ्रेडला धरून ठेवतो. हे जावा २४ मध्ये सुटलं. वापरातल्या एका जुन्या लायब्ररीत सिंक्रोनाइज्ड भरपूर आहे. जावा बदलला की हा पर्याय पुन्हा उघडायचा.

गुरुवार, १२ जून

पहारेकरी हिरवा झाला तरी खऱ्या यंत्रांवर अधूनमधून उलटा क्रम येतच होता. कारण दोन कनेक्शनं.

टँकर घाटात नेटवर्कबाहेर जातो. यंत्र आपलं कनेक्शन सोडून देतं, पण सर्व्हरला त्याचा निरोप पोचत नाही. सर्व्हरच्या दृष्टीने जुनं कनेक्शन जिवंतच असतं. लिनक्सच्या मूळ सेटिंगने कीपअलाइव्हवर (कनेक्शन जिवंत आहे का ते चाचपण्याच्या सोयीवर) विसंबलं तर मेलेलं कनेक्शन कळायला ७२०० सेकंद अधिक ७५ सेकंदांच्या ९ चाचपण्या, म्हणजे दोन तास अकरा मिनिटं. तोवर यंत्राने नवं कनेक्शन उघडून लॉगिनही केलेलं असतं. जुन्या सॉकेटच्या बफरमध्ये राहिलेले बाइट एका इव्हेंट लूपवर, नवे दुसऱ्यावर. टीसीपीची क्रमाची हमी एका कनेक्शनपुरती असते. दोन कनेक्शनांमधल्या क्रमाशी तिचा संबंध नाही.

उपाय पिढी क्रमांकाचा. प्रत्येक लॉगिनला त्या आयएमईआयचा पिढी क्रमांक एकने वाढतो आणि त्या कनेक्शनच्या प्रत्येक पॅकेटवर चिकटतो. रांग आयएमईआयची आहे, कनेक्शनची नाही. त्यामुळे लॉगिनच्या आधी रांगेत लागलेली जुन्या पिढीची पॅकेटं आधीच निघतात.

पिढीची तपासणी रांगेत टाकताना केली तर शर्यत उरते: जुन्या लूपने तपासलं, ठीक निघालं, मग तो जरा रेंगाळला, तेवढ्यात नवं लॉगिन आणि नवं पॅकेट रांगेत गेलं, मग जुन्याने आपलं टाकलं. म्हणून तपासणी रांगेतून काढताना. हाताळणारा आजवर पाहिलेली सर्वांत मोठी पिढी लक्षात ठेवतो. त्याहून जुन्या पिढीचं स्थान आलं तर ते फक्त मार्गाच्या नोंदीत जातं. जुन्या पिढीचं हार्टबीट, वेळच नसल्याने, टाकून दिलं जातं.

लॉगिनचं पॅकेटही त्याच रांगेतून जातं आणि त्याला उत्तर (१० बाइट: ७८ ७८ ०५ ०१, तोच अनुक्रमांक, सीआरसी, ०डी ०ए) त्याची पाळी आल्यावरच. यात एक छान गोष्ट फुकटात मिळते. प्रोटोकॉलप्रमाणे वागणारं यंत्र लॉगिनचं उत्तर येईपर्यंत स्थान पाठवत नाही, म्हणजे जुनी रांग संपल्याशिवाय नवी पॅकेटं येतच नाहीत. यंत्र उत्तरासाठी ५ सेकंद थांबतं, तेव्हा रांग लांब असेल तर २ सेकंदांनी उत्तर देऊन टाकायचं. स्वस्त नकली यंत्रं उत्तराची वाट पाहत नाहीत. त्यांच्यासाठी पिढी क्रमांक आहेच.

नवं लॉगिन आलं की जुनं कनेक्शन सर्व्हरकडून बंद. शिवाय ८ मिनिटं काहीच वाचलं गेलं नाही तर आयडल स्टेट हँडलरने बंद. हार्टबीट ३ मिनिटांवर आहे, एक चुकलं तर चालेल.

शुक्रवार, १३ जून

अनुक्रमांक १६ बिटांचा, ६५५३५ नंतर फिरून सुरुवातीला येतो. 'नवा मोठा का' ही तुलना साध्या मोठं-लहानने करायची नाही. वजाबाकी करून ती १६ बिटांच्या चिन्हांकित संख्येत बसवायची आणि शून्यापेक्षा मोठी आहे का पाहायचं. आरएफसी १९८२ मध्ये हाच हिशेब आहे. यंत्र रीस्टार्ट झालं की अनुक्रमांक पुन्हा १ पासून, म्हणून तुलना एका पिढीच्या आतच.

अनुक्रमांकात खाच दिसली तर नुसती नोंद करायची. हरवलेल्याची वाट पाहत रांग रोखायची नाही; टीसीपीवर एका कनेक्शनच्या आत हरवलेलं पॅकेट मागून येणार नसतं.

सोमवार, १६ जून

आजचा विषय: आलेला क्रम आणि घडलेला क्रम वेगळा असतो तेव्हा.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचे भातण, माडप बोगदे असोत की आंबा घाट, नेटवर्क गेलं की यंत्र पॅकेटं स्वतःच्या मेमरीत साठवतं आणि नंतर पाठवतं. काही यंत्रं आधी साठा रिकामा करतात, मग चालू स्थान. काही आधी चालू स्थान देतात आणि साठा फावल्या वेळात. दुसऱ्या प्रकारात येण्याचा क्रम जपून उपयोग नाही: टँकर क्षणात खोपोलीत, क्षणात लोणावळ्यात, असा मागे-पुढे उड्या मारतो.

२२ हेक्स प्रकारच्या स्थान-पॅकेटात यासाठी एक बाइट आहे: ०० म्हणजे ताजं, ०१ म्हणजे साठ्यातलं. इंजिनाची स्थितीही याच पॅकेटात येते, वेळेसकट. ज्या यंत्रांत हा प्रकार चालू करता येतो तिथे तो चालू करून घ्यायचा. हार्टबीटवरचा निम्मा भार हलका होतो.

साठ्यातलं पॅकेट मार्गाच्या नोंदीत जातं, फोनवरचे निरोप मात्र उठवत नाही. चाळीस मिनिटांपूर्वी टँकर केंद्रात आला हे आत्ता कळवून चालकाला फोन लावण्याखेरीज काही साधत नाही. त्याऐवजी त्या यंत्राच्या त्या कालखंडावर 'पुन्हा मोजा' अशी खूण पडते आणि १५ मिनिटं नवं साठ्यातलं काही आलं नाही की थांबे आणि फेऱ्या वेळेच्या क्रमाने नव्याने काढल्या जातात.

१२ हेक्सवाल्या यंत्रांत हा बाइट नाही. तिथे पॅकेटाची वेळ सर्व्हरच्या वेळेपेक्षा १२० सेकंदांहून मागे असेल तर ते साठ्यातलं धरायचं. यासाठी यंत्राची वेळ खरी हवी, आणि तिथे दोन खड्डे आहेत.

काही यंत्रं यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) पाठवतात, काही साडेपाच तास पुढे, म्हणजे भारतीय वेळ. पॅकेटात टाइम झोन नाही. प्रत्येक यंत्रामागे सेटिंग ठेवलं आणि लॉगिननंतरच्या पहिल्या ताज्या पॅकेटाचा फरक साडेपाच तासांच्या आसपास दिसला तर इशारा.

दुसरा खड्डा जुन्या जीपीएस मोड्यूलचा. जीपीएसचा आठवडा-क्रमांक १० बिटांचा आहे, दर १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. शेवटचा फेरा एप्रिल २०१९ मध्ये झाला. ज्या मोड्यूलचं फर्मवेअर हे सांभाळत नाही ते ७१६८ दिवस मागची तारीख देतं. आजच्या तारखेला ते ३१ ऑक्टोबर २००५ दाखवतं, वर्षाच्या बाइटमध्ये ०५. फरक १०२४ आठवडे अधिक-उणे एक दिवस असेल तर तेवढे मिळवून घ्यायचे. बाकी कोणताही विचित्र फरक आला तर पॅकेट वेगळ्या टेबलात.

बुधवार, १८ जून

रांगांना मर्यादा हवी. डेटाबेस १० मिनिटं मंदावला तर बिनमर्यादेच्या रांगा मेमरी खातात आणि शेवटी प्रक्रियाच मरते. रांगेतलं सगळं त्याबरोबर जातं.

एका रांगेत २५६ पॅकेटं झाली की त्या कनेक्शनचं ऑटो-रीड (नेटीचं आपोआप वाचन) बंद, ६४ वर उतरली की चालू. वाचन थांबलं की कर्नलचा बफर भरतो, टीसीपीची खिडकी आक्रसत शून्यावर येते आणि यंत्र आपलं पाठवणं थांबवून साठ्यात टाकतं. भार जिथे जागा आहे तिथे, यंत्राच्या मेमरीत, परत ढकलला जातो.

तीन गोष्टी सांभाळायच्या:

ऑटो-रीड बंद केलं तरी डीकोडरने आधीच जमवलेल्या बाइटांतली सगळी पॅकेटं तो पुढे ढकलतोच. २५६ वर कडक नकार दिला तर ती पडतील. मर्यादा सैल ठेवायची किंवा डीकोडरनंतर नेटीचा फ्लो कंट्रोल हँडलर लावायचा. तो लावला.

वाचन थांबलं की हार्टबीटही वाचलं जात नाही, उत्तर जात नाही, यंत्राला सर्व्हर मेला वाटतं आणि ते नवं कनेक्शन उघडतं. नवं लॉगिन त्याच भरलेल्या रांगेत. सगळी यंत्रं एकदम असं करू लागली की मंदावलेल्या डेटाबेसवर लॉगिनचीच गर्दी. म्हणून नव्या लॉगिनलाही, रांग अर्ध्याहून भरलेली असेल तर, २ सेकंदांआधी उत्तर नाही.

रांगेत बाइटबफ (नेटीचा कच्च्या बाइटांचा बफर) ठेवायचा नाही. तो नेटीच्या पूलचा, मोजणी सांभाळून परत करावा लागतो. एक विसरला तर गळती, एक जास्त सोडला तर दुसऱ्याच टँकरचे बाइट. इव्हेंट लूपमध्येच उकलून न बदलणारं साधं ऑब्जेक्ट रांगेत टाकायचं. ३६ बाइट उकलायला वेळ लागतच नाही.

हार्टबीटचं उत्तर मात्र इव्हेंट लूपमधूनच लगेच जातं. ते 'मी जिवंत आहे' एवढंच सांगतं. त्यातली इंजिनाची स्थिती रांगेतून.

गुरुवार, १९ जून

डेटाबेसचं लिखाण फसलं तर? जुन्या कोडमध्ये फसलेलं पॅकेट रांगेच्या शेवटी परत जात होतं. क्रम मोडायची ही आणखी एक खात्रीची वाट.

आता पॅकेट रांगेच्या तोंडाशीच राहतं आणि तिथेच पुन्हा प्रयत्न: २०० मिलिसेकंद, ४००, ८००, असं ५ सेकंदांपर्यंत. अडतो तो एकच टँकर. थांबताना पूलचा थ्रेड झोपवायचा नाही, नाहीतर १६ अडलेल्या टँकरांनी सगळा पूल संपतो. झेंडा 'आहे'वरच ठेवून रांगेचं काम शेड्यूलरला द्यायचं. झेंडा वर असल्याने मध्ये कुणी घुसत नाही.

पुन्हा प्रयत्न कशाला करायचा हे पोस्टग्रेसच्या एररकोडवरून. ०८ ने सुरू होणारे (कनेक्शन), ४०००१ आणि ४०पी०१ (डेडलॉक): पुन्हा. २२ किंवा २३ ने सुरू होणारे: डेटाच चुकीचा, शंभरदा लिहून तेच होणार. तसं पॅकेट मूळ बाइटांसह वेगळ्या टेबलात टाकून रांग पुढे. बॅचमध्ये लिहिताना एक वाईट ओळ अख्खी बॅच पाडते. तेव्हा ती बॅच त्याच क्रमाने एकेक ओळ करून पुन्हा.

सोमवार, २३ जून

नवी आवृत्ती चढवतानाचा क्रम. सिगटर्म (प्रक्रिया बंद करण्याचा संकेत) आला की आधी नवीन कनेक्शनं घेणं बंद, मग सगळीकडे ऑटो-रीड बंद, मग रांगा रिकाम्या होण्याची वाट, मग कनेक्शनं बंद, शेवटी डेटाबेस पूल. उलटं केलं की रांगेतली पॅकेटं बंद पूलवर आपटतात. सिस्टमडी (लिनक्सचा सेवा सांभाळणारा प्रोग्राम) मूळ सेटिंगने ९० सेकंदांनी ठार मारतो; आपली वाट ६० सेकंदांची.

साध्या स्थानाला जीटी०६ मध्ये सर्व्हरचं उत्तर नसतं. कर्नलने घेतलेलं पण ॲप्लिकेशनने न वाचलेलं पॅकेट यंत्राच्या लेखी पोचलेलं असतं, आणि बंद करताना ते जातं. हे प्रोटोकॉलचं अंग आहे, कोडने भरून निघत नाही. म्हणून नवी आवृत्ती दुपारी २ ते ३ मध्ये, सकाळ-संध्याकाळच्या संकलनाच्या वेळा टाळून.

चालू केल्यावर २००० यंत्रं एकदम येतात. लिसनचा बॅकलॉग (स्वीकारायच्या राहिलेल्या कनेक्शनांची रांग) १०२४ केला. लिनक्स ५.४ पासून सोमॅक्सकॉन (त्या रांगेवरची कर्नलची कमाल मर्यादा) ४०९६ असतं. त्याआधीच्या कर्नलवर १२८, तिथे नेटीत कितीही मोठा आकडा दिला तरी चालत नाही.

बुधवार, २५ जून

अहवालांच्या टीमला हाच प्रवाह काफ्कातून (संदेश साठवून पुढे देणारी प्रणाली) हवा. की म्हणून आयएमईआय. एका कीची पॅकेटं एकाच पार्टिशनमध्ये (प्रवाहाच्या एका भागात) आणि पार्टिशनच्या आत क्रम टिकतो. प्रोड्यूसरमध्ये (पाठवणाऱ्या बाजूला) आयडेम्पोटन्स (पुन्हा पाठवलं तरी संदेश एकदाच आणि क्रमाने लागणं) चालू आहे ना ते पाहायचं (काफ्का ३.० पासून मुळातच चालू), आणि एका वेळी हवेत असलेल्या विनंत्या ५ च्या वर न्यायच्या नाहीत. आयडेम्पोटन्स बंद आणि रिट्राय चालू असेल तर फसलेली पहिली बॅच दुसरीच्या मागून लागू शकते.

पार्टिशन सुरुवातीलाच २४ केले. नंतर वाढवले तर आयएमईआय आणि पार्टिशनची जोडी बदलते, आणि बदलाच्या वेळी जुन्यातली शिल्लक आणि नव्यातली पॅकेटं दोन वेगळे वाचक एकाच वेळी उचलतात.

प्रत्येक संदेशात पिढी क्रमांक, अनुक्रमांक, यंत्राची वेळ आणि सर्व्हरला मिळाल्याची वेळ, चारही. वाचणाऱ्या टीमने थ्रेड पूल लावला तर आपण काही करू शकत नाही. निदान बिघाड कुठे झाला हे त्यांना त्यांच्याच लॉगवरून दिसेल.

शुक्रवार, २७ जून

पहारेकरी आता चाचणीतून उचलून प्रत्यक्ष सर्व्हरवर बसवला. उलट क्रम, खाच आणि जुनी पिढी असे तीन मोजणारे आकडे, यंत्राच्या मॉडेलप्रमाणे. उलट क्रमाचा आकडा शून्यावरच राहायला हवा. एक जरी आला तरी रात्रीचा अलार्म. खाच आणि जुनी पिढी घाटाच्या मार्गावर रोज येणार, त्यांना अलार्म नाही, आठवड्याचा आलेख पुरे.

उरलेलं: काही जुन्या टँकरांवर यूडीपीवर बोलणारी यंत्रं आहेत. तिथे खालून क्रमाची हमी नाही, लॉगिनचं बंधन नाही आणि पाठवणाऱ्याचा पोर्टही मोबाइल कंपनीच्या नॅटमुळे (पत्ते बदलून देणाऱ्या थरामुळे) बदलत राहतो. त्यांच्यासाठी अनुक्रमांकावर २ सेकंदांची छोटी थांबा-खिडकी लागेल: पुढचं आलं, मधलं नाही, तर दोन सेकंद वाट, मग पुढे. तो डीकोडर वेगळ्या शाखेत. तोवर ही यंत्रं जुन्या पोर्टवर, आणि त्यांना इंजिनाचे निरोप बंद.